कानबाईची चाल बसवताना

समकालीन नृत्य म्हणजे टीव्हीवरच्या स्पर्धेत दोघं जण रडवेल्या गाण्यावर जमिनीवर लोळतात ते, अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची समजूत आहे. मी जळगावात कथक शिकवते. मुलींना सोडायला येणारे पालक अधूनमधून विचारतात, "मॅडम, ते लोळायचं पण शिकवता का?" त्यामुळे मूळच्या चोपड्याच्या, पुण्यात आणि मग बंगळुरूला शिकून आलेल्या एका ताईनं कानबाईवर तासाभराचं समकालीन नृत्य बसवायचं ठरवलंय, असं मी घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, देवीसमोर लोळणार का तुम्ही?

लोळलो. पण ते बरंच नंतर.

निवड एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी घुंगरू घेऊन गेले, ते पिशवीतच राहिले. ताईनं प्रत्येकाच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर लाकडी पाट, पाटावर काठोकाठ भरलेला तांब्या, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. एवढंच. कथकमध्ये आम्ही पाय मारून जमिनीला बोलतं करतो. इथे पाय मारला की पाणी मानेवर. हिपहॉप करणारा एक मुलगा, धडगावकडचा आणि नंदुरबारला कॉलेजात शिकणारा पावरा या आदिवासी समाजातला एक मुलगा, लेझीम पथकातल्या दोघी, भरतनाट्यमवाली एक आणि मी, असे आम्ही निवडले गेलो. सगळ्यात सुरेख चालली ती भुसावळकडची एक मुलगी. ती नाच कुठेच शिकलेली नव्हती, पण लहानपणापासून टँकरचं पाणी डोक्यावरून वाहिलेलं होतं. तिला ताईनं सगळ्यात आधी हो म्हटलं.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची घरात स्थापना होते आणि सोमवारी सकाळी ती नदीवर जाते. तिला मूर्ती नसते. घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं नारळ हाच तिचा चेहरा. त्याला डोळे, नथ, दागिने चढवायचे, केळीच्या खांबांमध्ये बसवायचं. सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात, रात्री जागरण होतं. आणि रोट होतात. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचं दळण होतं, आणि मग पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. पूर्वी हे दळण जात्यावर व्हायचं. आता आमच्या गावातला गिरणीवाला रोटांच्या आधी गिरणी धुऊनपुसून ठेवतो.

गाव अमळनेरजवळचं, बोरी नदीचं. ताईनं सगळ्यांना तिथेच आणायचं ठरवलं, कारण आमच्या मोठ्या मायच्या घरची कानबाई गावात मानाची. त्या दोन दिवसांसाठी ताईच्या अटी विचित्र होत्या. मोबाइल बंद. व्हिडिओ नाही. लिहून घ्यायचं नाही. आणि सोमवारी मिरवणूक निघाली की फक्त गुडघ्याखाली बघायचं.

मी लहानपणापासून ती मिरवणूक पाहत आले होते. कुणाची साडी कशी, कुणाच्या सुनेनं किती दागिने घातले, पुढे बँड की डीजे. गुडघ्याखाली कधी पाहिलंच नव्हतं. डोक्यावर पाट घेतलेली बाई खाली बघत नाही, बघूच शकत नाही. मान वळवली की देव हलतो. म्हणून रस्ता शोधायचं काम पाय करतात. तळवा आधी किंचित चाचपतो, मग सगळा टेकतो, टाचेपासून बोटांपर्यंत एकदम, आणि वजन त्यावर आल्याशिवाय मागचा पाय उठत नाही. गुडघा कधीच पूर्ण ताठ होत नाही. कमरेच्या वर काहीही हलत नाही. आणि याच बाईच्या पुढे चार हातांवर दुसऱ्या बाया फुगड्या घालत असतात, घामानं निथळत, केस सुटलेले. एकाच रस्त्यावर दोन वेग. पुढचा वेग मागच्याला घाई करत नाही, मागचा पुढच्याला थांबवत नाही.

तासाभराच्या नृत्याचा सांगाडा ताईला त्या सकाळी मिळाला. एक बाई रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणार, आणि तेवढ्यात बाकी सगळं घडणार.

परवानगीचा विषय रात्री जागरणात आधीच निघाला होता. मोठी माय पंचाहत्तरीच्या पुढची, अहिराणीशिवाय बोलत नाही. ताईनं समजावून सांगितलं की आम्ही हे स्टेजवर करणार आहोत. मोठी मायनं बराच वेळ ऐकलं आणि दोन गोष्टी सांगून टाकल्या. पहिली, "मन्हं नारय घरमाच ऱ्हाई." दुसरी अंगात येण्याबद्दल. जागरणात एका काकूंच्या अंगात आलं होतं आणि आमच्यातला हिपहॉपवाला डोळे विस्फारून बघत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मोठी मायला बरोबर कळलं. "आंगमा येस ते येस. आनता येत नही."

या दोन वाक्यांनी आमचं निम्मं नृत्य ठरवलं. स्टेजवर नारळ नाही आणि अंगात आणणं नाही. मग कानबाईवरच्या नृत्यात कानबाई कुठे? भरतनाट्यमवालीनं हा प्रश्न पुढे कितीतरी वेळा विचारला. तिच्या शास्त्रात देव दाखवायला हस्त आहेत, नजर आहे, अभिनय आहे. ताईनं तिला चंद्रलेखांचं उदाहरण दिलं. आपल्याच ठाणे-पालघरकडच्या वाड्याला १९२८ साली जन्मलेल्या या बाई भरतनाट्यममध्ये नाव झालेल्या. त्यांनी देवादिकांच्या गोष्टी आणि दागदागिने बाजूला सारले, भरतनाट्यमचं अंग ठेवलं, त्याच्या शेजारी कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणून बसवले आणि १९८५ साली 'अंगिका' उभं केलं. देव दाखवायचा नाही, देवासाठी जे अंग राबतं ते दाखवायचं, असं काहीसं ताईचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. भरतनाट्यमवालीला अर्धंच पटलंय.

तालमी सुरू झाल्या त्या उन्हाळ्यात, धरणगावकडच्या एका जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. कापसाचा हंगाम संपला की ही गोडाऊनं ओस पडतात आणि भाडं परवडतं. कोपऱ्यात सरकी, पत्र्याला लोंबणारी रुई, आणि खाली कोबा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो, वर पत्रा, त्यामुळे तालीम पहाटे सुरू करून दहाच्या आत आवरायची. कोब्यावर पडण्या-उठण्याचा सराव म्हणजे गुडघ्यांची वाट. समकालीन नृत्यात जमिनीशी दोस्ती करा म्हणतात. ते म्हणणाऱ्यांनी बहुधा लाकडी फ्लोअरवर नाच केलेला असतो. आम्ही सतरंज्यांवर सतरंज्या टाकल्या आणि गुडघ्यांना व्हॉलीबॉलवाल्यांचे नी-कॅप घातले.

लोळणं इथे आलं. पण ते दळण होतं. जात्यावर बसलेल्या बाईचं धड खुंट्याबरोबर गोल फिरतं, कंबर पुढे जाते, पाठ मागे येते. तेच वर्तुळ ताईनं मोठं करायला लावलं. आधी हात सोडून नुसत्या धडानं, मग बसल्या बसल्या कूस बदलत, मग पूर्ण अंग जमिनीवर टाकून फिरत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे बघा, लोळतायत. आतून मात्र खुंटा हातात असल्यासारखंच वाटायचं. ओव्या नाहीत, शब्द नाहीत, फक्त श्वास, आणि ताईनं गावातल्या गिरणीचा रेकॉर्ड करून आणलेला पट्ट्याचा आवाज.

चालीला सगळ्यात जास्त वेळ लागला. हळू चालणं सोपं वाटतं. ताईनं एका संध्याकाळी मोबाइलवर आम्हाला बुतोहचे तुकडे दाखवले. जपानमध्ये १९५९ साली तात्सुमी हिजिकाता यांनी सुरू केलेलं हे नृत्य. ते स्वतः ईशान्येकडच्या अकिता भागातले, थंडीनं गोठणाऱ्या भातशेतीच्या मुलखातले, आणि त्यांच्या नाचात ते वाकलेले गुडघे, कुबडलेली पाठ जशीच्या तशी आहे. त्यांचे बुतोहमधले सोबती काझुओ ओनो तर म्हातारपणातही नाचत राहिले, शंभरी ओलांडून गेले. लेझीमवाली म्हणाली, "हे तर निंदायला बसलेल्या बायांसारखंच दिसतंय." ताई खूश झाली, पण लगेच म्हणाली की आपण त्यांचं उचलायचं नाही. त्यांनी त्यांच्या शेतातून काढलं, आपल्याला आपलं शेत आहे.

एका पहाटे मोठी माय स्वतः आली, नातवाच्या गाडीवर बसून. मी चालत होते. डोक्यावर पाट, पाटावर वाळूची पिशवी. ती खुर्चीवर बसली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाय वाजाडू नको. नदी काय पयी जाई राहिनी का?" सगळे हसले. त्या दिवशी तिनं भुसावळवालीला उभं केलं आणि मला तिच्या मागे चालायला लावलं. विशारद झालेली मी एका न शिकलेल्या मुलीची पावलं टिपत होते, आणि मला त्याचं काही वाटेनासं व्हायला बरेच दिवस लागले.

फुगडीचं उलटं झालं. फुगडी सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. दोघींचे पाय जवळ, हात गुंफलेले, आणि अंग मागे झोकून द्यायचं. इथे स्वतःचा तोल नसतोच, दोघींचा मिळून एकच तोल असतो. एकीनं वजन राखून ठेवलं की दुसरी पडते. अमेरिकेत १९७२ साली स्टीव्ह पॅक्स्टन यांनी दोन शरीरांनी एकमेकांना वजन देत-घेत नाचायची जी पद्धत सुरू केली, ती बंगळुरूला ताईला महिनोन्‌महिने शिकवली गेली होती. इथे लेझीमवाल्या दोघींना ती पहिल्याच दिवशी येत होती. फरक एवढाच की त्या वेगात करायच्या. वेग काढून घेतला, गोल फिरणं इतकं मंद केलं की प्रत्येक इंचाला वजन कुणाकडे आहे ते ठरवावं लागेल, तेव्हा मात्र मांड्या थरथरायला लागल्या. हिपहॉपवाला यात सगळ्यांच्या पुढे गेला. फुगडी बायकांची म्हणून तो आधी लाजत होता.

वाळूचा प्रश्न वेगळाच. ताईच्या मनात सुरुवातीला गहू होते. तैवानच्या 'क्लाउड गेट' या मंडळीचं एक नृत्य आहे, लिन ह्वाय-मिन यांनी बोधगयेला जाऊन आल्यावर १९९४ साली बसवलेलं, 'साँग्ज ऑफ द वाँडरर्स'. त्यात रंगमंचावर साडेतीन टन भात ओततात आणि एक नर्तक भिक्षूच्या वेषात, डोक्यावर पडणाऱ्या धान्याच्या धारेखाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात जोडून उभा राहतो. ताईला तसं काही रोटांच्या गव्हाचं करायचं होतं. आमच्यातल्या एकाही मुलीनं पाय ठेवला नाही. कुणी भाषण दिलं नाही; गहू पसरले, आणि सगळ्या कडेला उभ्या राहिल्या. अन्नाला पाय लागतो. ताईनं दोन मिनिटं वाट पाहिली आणि गहू भरून ठेवायला सांगितले. तैवानचा तो भिक्षू त्यांच्या रंगमंचावर उभा आहे, तिथे तो शोभतो.

मग वाळू. कानबाई नदीवर जाते म्हणजे वाळूवरच जाते. पण आमच्या जिल्ह्यात वाळू हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं आजूबाजूला बघतात. गिरणेच्या, तापीच्या वाळूचे ट्रॅक्टर पकडल्याची बातमी नाही असा आठवडा जात नाही, आणि आम्हाला नाचासाठी ट्रॉलीभर हवी होती. शेवटी बांधकाम साहित्यवाल्याकडून पावतीसकट घेतली, चाळली, धुतली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. वाळू कोरडी असली की पाय घसरतो, ओली असली की पाय धरून ठेवते, आणि दोन्ही प्रकारांत तळव्याची साल निघते. पण चाल सुधारली. वाळूवर पाय वाजवता येतच नाही.

मुठीचा प्रसंग तालमीत आपोआप आला. रोटांची मोजणी आम्ही वाळूनं करत होतो: मूठ भरायची, नाव घ्यायचं, सव्वा मूठ ओतायची. ताईनं सांगितलं होतं की प्रत्येकानं आपापल्या घरातली नावं घ्या. नावं येत गेली, आजोबा, काका, भाऊ, पुतण्या. भुसावळवालीच्या घरात आई आणि दोघी बहिणी. ती मूठ भरून उभी राहिली आणि नाव काही घेईना. बोटांच्या फटींतून वाळू गळून गेली. ताईनं तिथे थांबवलं नाही, पुढे काही समजावलंही नाही. ते तसंच नृत्यात राहिलं. प्रयोगाला माझ्या काकांनी नंतर विचारलं की ती मुलगी तिथे विसरली होती का. मी म्हटलं, हो, विसरली.

काठीच्या होळीवरून मात्र खरंच भांडण झालं. अक्कलकुवा तालुक्यातलं काठी, सातपुड्यातलं. तिथली राजवाडी होळी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले बुध्या-बावा. पहाटे होळी पेटते आणि ढोलावर रात्रभर नाच चाललेला असतो. हिपहॉपवाल्याचं म्हणणं, आपल्याकडे असं काही डोळ्यांत भरणारं नाहीच, शेवटच्या दहा मिनिटांत चार बुध्या आणू. पावरा मुलगा तोवर फार कमी बोलायचा. त्या दिवशी बोलला. त्या नाचणाऱ्यांनी पालनी धरलेली असते. खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही, आणखीही नियम, नवस असतो त्याप्रमाणे. आणि तेवढे दिवस पाळल्यानंतर तो टोप डोक्यावर चढतो. "तुम्ही पाळणार का? मग घाला." विषय तिथेच मिटला. मला वाटतं इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या केचक या नाचाबद्दल ताईनं जे सांगितलं तेही याच रात्री. सांगयांग नावाच्या, अंगात येण्याच्या विधीतला पुरुषांचा घोष घेऊन १९३० च्या दशकात वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वॉल्टर स्पाइस यांनी रामायणाची गोष्ट गुंफलेला प्रयोग उभा केला, आणि आज पर्यटक तोच बघायला तिकीट काढतात. घोष आला, विधी मागे राहिला. विधी मोडला नाही आणि प्रयोगही स्वतःच्या पायावर उभा राहिला, असं ताईचं मत. मी त्यावर अजून ठाम नाही. त्या पावरा मुलानं मात्र शेवटच्या भागात पावरी या त्यांच्याकडच्या फुंकवाद्यासारखा सूर घशातून काढला, तोही स्वतःहून, आणि तो आम्ही ठेवला.

कपडे साधे ठेवले. नवं रेशीम नाही. सगळ्यांनी घरातली जुनी सुती लुगडी आणली, मुलांनी धोतर. मेकअप नाही. साथीला डफ आणि गावातल्या चार बायांचं नुसतं गुणगुणणं.

प्रयोग आषाढात लावला, कारण श्रावणात गावातल्या बाया रिकाम्या नसतात. शहरातल्या एका सभागृहाच्या माणसांनी वाळू बघून दारातच अडवलं. ताडपत्री अंथरू, कडेला फळ्या लावू, स्वतः झाडून देऊ, सगळं सांगून झालं; अनामत दुप्पट भरल्यावर आत घेतलं. प्रेक्षक बरे होते. पंधराव्या मिनिटाला काही मोबाइल उजळले, काही जण उठून गेले, जे बसले ते शेवटपर्यंत बसले. टाळ्या व्यवस्थित झाल्या. एका गृहस्थांनी बाहेर येऊन विचारलं, "देवी कधी आली? माझं लक्ष चुकलं का?"

गावातल्या शाळेच्या मैदानावरच्या प्रयोगाला टाळ्या अजिबात झाल्या नाहीत. बाया सरळ उठून वाळूत आल्या आणि चुका काढायला लागल्या. फुगडीत हात असे धरत नाहीत. दळताना उजवा पाय लांब असतो, तू डावा का टाकला? चुंबळ पुढे सरकली होती. एकीनं भुसावळवालीला विचारलं, तू कोणत्या गावची, पाट चांगला नेतेस. मोठी माय मला म्हणाली, "आते बरं शे," आणि पुढे सांगितलं की नदीवरून परत येतानाची चाल वेगळी असते, ती आम्ही घेतलीच नाही. जाताना देव नेतो म्हणून जड, येताना घर उघडं पडलं म्हणून जड. ताई तिच्याजवळ खाली बसली आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, कशी, दाखव ना. मोठी मायचे गुडघे दुखतात, तरी तिनं दोन-चार पावलं टाकून दाखवली.

आता परतीचा भाग बसवतोय. मधल्या काळात एका मंडळाचं बोलावणं आलंय: गणपतीत करा, पण वीस मिनिटांत आटपा, मागे कानबाईचा मोठा मुखवटा आम्ही लावतो, धूर सोडतो, आणि शेवटी एकीच्या अंगात आलं तर पब्लिक जागचं हलणार नाही. मानधन चांगलं आहे. ताईनं नाही म्हणून टाकलंय. हिपहॉपवाल्याचं म्हणणं, मुखवटा आणि धुराला नाही म्हणा, पैशाला कशाला. त्यात नाचायची रबरी मॅट येईल, कोब्यावर गुडघे किती दिवस फोडायचे? भरतनाट्यमवाली त्याच्या बाजूनं आहे, पावरा मुलगा ताईच्या. मी वीस मिनिटांची चाल करून बघितली. वेग वाढवला की पाय वाजतात.